पान्हा

धाकटीने मेलेल्या कालवडीच्या कातड्यात पेंढ्याची शेवटची मूठ कोंबली आणि दाभणाने पोट शिवून टाकलं. मान जरा वाकडीच राहिली. पाठीवर मीठ चोळून तिने ते सोंग गाईपुढे उभं केलं.

गाय दोन दिवस पान्हा चोरत होती. आधी तिने हुंगलं, मग मीठ जिभेला लागलं तशी चाटू लागली, आणि चाटता चाटता कास भरून आली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. सासरे चरवी घेऊन खाली बसले.

"पहिली गाय खुंट्याला बांधली ना, त्या दिवशी माणसाला देव कळला," धारांच्या आवाजात ते म्हणाले. "कुणी जन्माला यायचं, कुणाचं दूध कुणी प्यायचं, हे ठरवतो तो देव."

दर आठवड्याला प्रार्थनाघरात ते असंच काहीतरी सांगत आणि लोक माना डोलावत. मागच्या बाकांवरच्या बायका जरा जास्तच डोलावत.

कालवड आजारी पडली तेव्हा त्यांनी गुरांच्या डॉक्टरला दोनदा आणलं होतं. गोठ्यात मुलगीच हवी असते. त्याच आठवड्यात धाकटीची तीन दिवसांची मुलगी तापाने फणफणली, तेव्हा मात्र 'देवाची मर्जी' एवढ्यावर भागलं. ती गेल्यावर सासऱ्यांनी स्वतःच तिला दुपट्यात गुंडाळून नेलं आणि पुरून हात धुतले.

थोरल्या जावेला चार मुलींवर मुलगा झाला होता. तिला दूध नव्हतं आणि वरचं दूध पोराला पचत नव्हतं. वंशाचा दिवा रडून घर डोक्यावर घेत होता. इकडे धाकटीची छाती दाटून दगड झाली होती. तिने वर फडकं आवळलं होतं आणि दोन दिवस ती पाजायला नाही म्हणत होती. पोराचा तिला राग नव्हता. पण या घरात तिच्या मालकीचं तेवढं 'नाही'च उरलं होतं.

दुपारी सासूबाई खोलीत आल्या आणि पोर तिच्या मांडीवर ठेवून मोकळ्या झाल्या.

"मी सांगितलंय ना, नाही पाजणार."

"नको पाजूस. नुसतं धर घटकाभर. माझे हात भरून आलेत."

धाकटीची नजर खाली गेली. पिवळं दुपटं. एका कोपऱ्याला हिरवी शिवण, कारण पिवळा धागा संपला होता. सातव्या महिन्यात तिनेच शिवलेलं.

"हे तर तिच्याबरोबर..."

"चांगलं कापड मातीत कशाला घालायचं?" सासूबाई म्हणाल्या. "ह्यांनी तसंच आणून ठेवलं होतं. धुऊ नका म्हणाले."

पोराला बाजूला ठेवावं म्हणून तिने उचललं, आणि तो वास नाकात शिरला. तेलाचा, तापाचा, तीन दिवसांच्या जावळाचा. फडक्याखाली ओल पसरली. तोंडाने ती नाही म्हणत होती, दोनदा म्हणाली. अंगाने ऐकलं नाही. पोराचं तोंड लागलं आणि घर एकदम शांत झालं. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

सासऱ्यांनी दारातून डोकावून पाहिलं.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "मीठसुद्धा लागलं नाही."