कल्याणच्या नावाने

भोकरदनचा कल्याण शेळीपालनावर इंटरनेटवर लेख लिहायचा. लेखांमध्ये जाहिराती असत; जितके लोक वाचत, तितकी त्याची कमाई. घर त्यावरच चालायचं. तो अपघातात गेला, तरी लेख वाचले जातच होते. वाचक खाली प्रश्न विचारत. उत्तरं थांबली तर वाचक तुटतील, म्हणून त्याची बहीण वंदना त्याच्याच नावाने उत्तरं देऊ लागली. शेळ्या दोघांनी मिळूनच सांभाळल्या होत्या. हळूहळू त्याचेच शब्द तिच्या बोटांत येऊ लागले. लिहिताना तो पाठीशी उभा आहे असं वाटून ती दचकायची.

एका दुपारी आष्टीहून सांडू नावाचे गृहस्थ आले.

"कल्याणभाऊ हायेत का? परवा त्यांनी उपाय सांगितला म्हणून माझी शेळी वाचली."

आई, चतुराबाई, शांतपणे म्हणाली, "बसा की. बाहेर गेलाय, येईलच." तिने चहा आणला. एक कप जास्तीचा होता.

तो कप बघून वंदनाला राहवलं नाही. "काका, दादा न्हाई राह्यला. उत्तरं मीच लिहून राह्यले."

आई तिच्याकडे बघत राहिली. "त्यो न्हाई हे मला म्हाईत होतं गं. पर तू बोललीस कशाला?"

त्या संध्याकाळी वंदनाने प्रत्येक लेखावर कल्याणच्या मृत्यूची बातमी टाकली. गावोगावच्या वाचकांनी हळहळ व्यक्त केली. ती एकेक प्रतिक्रिया वाचून दाखवू लागली, तेव्हा आई तो गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.