ताईच्या तळव्यावरचा डाग

उपकेंद्रातली नर्स तशी हुशार बाई, पण उपकेंद्राला मिळालेल्या फोनवर तिचा जरा जास्तच जीव जडला होता. कातडीवरच्या डागाचा फोटो काढायचा आणि फोनमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला दाखवायचा. ती रोग ओळखणार, धोका दिसला तर पेशंटला मोठ्या डॉक्टरांकडे धाडायचं. सुरुवातीला नर्सनं नाक मुरडलं होतं. मग तिच्या नजरेतून सुटलेला एक रोग फोननं पकडला आणि बाईसाहेब त्याच्या भक्तच झाल्या.

एक दिवस उपकेंद्राचा फोन बादलीत पडला. नवा येईपर्यंत नर्सनं तेच ॲप लेकीच्या फोनवर घेतलं. लेक कॉलेजातली. फोटोत कातडी नितळ दिसावी म्हणून तिनं कॅमेऱ्यातली ती सोय कायमची चालू ठेवली होती. नर्सला याची गंधवार्ता नव्हती. उलट फोटो किती स्वच्छ येतात म्हणून ती खूश.

त्याच दिवसांत ताई आली, तिची सख्खी मोठी बहीण. पायाच्या तळव्यावर काळा डाग होता. नर्सनं अंगठ्यानं चाचपून पाहिला. कडा वेड्यावाकड्या, मध्ये टणक. तिनं फोटो काढला. साधा तीळ, फोननं सांगितलं. नर्सचा जीव भांड्यात पडला. वर तिनं ताईची थट्टाही केली, म्हातारपणी तीळ उगवतात म्हणून.

डाग फुटून रक्त यायला लागलं, तेव्हा कुठे ताई मोठ्या दवाखान्यात गेली. कॅन्सर निघाला. जांघेतही गाठ होती. पाय कापूनही भागेल याची खात्री डॉक्टर देईनात. नर्सनं तावातावानं तो फोटो पुढे केला. डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाले, "यात टाचेला एक भेगसुद्धा नाही. हा यांचाच पाय आहे का?"

लेकीच्या कॅमेऱ्यानं भेगांसारख्याच डागाच्या कडाही पुसल्या होत्या, हे नर्सला कळलं. त्या फोनवर तपासलेल्या बाकीच्यांनाही आता परत बोलवावं लागणार होतं. पण आधी ती ताईच्या खाटेशी बसली आणि लेकीचा फोन, तो कॅमेरा, सगळं घडाघडा सांगून मोकळी झाली. ताईनं ऐकून घेतलं.

"फोनचं राहू दे. तू हात लावलास, तेव्हा तुला काय वाटलं होतं?"

नर्सनं खरं तेच सांगितलं.

"वाईट आहे, असं वाटलं होतं."

"मग तेवढंच सांगायचंस ना मला," ताई म्हणाली आणि तिनं पाय चादरीत ओढून घेतला.