पलंगाखालच्या टाइल्स

आमचे मिस्त्री खुर्चीतून उठले की मला शेजारच्या खोलीत कळतं. आधी उजवा गुडघा कटकन वाजतो, मग डावा, आणि शेवटी ते 'हं' म्हणतात. छत्तीस वर्षं या माणसाने लोकांच्या घरांत गुडघ्यांवर बसून फरश्या बसवल्या. आमच्या स्वयंपाकघरात मात्र अजून सिमेंटचा कोबाच होता. त्यासाठी आणलेल्या टाइल्स अकरा वर्षं पलंगाखाली पडून होत्या. केर काढताना माझा झाडू दर वेळी त्या खोक्यांना अडायचा आणि दर वेळी मी चिडायचे.

"पुढच्या महिन्यात नक्की," असं ते म्हणत, आणि पुढच्या महिन्यात कुणाचं तरी नवं काम निघे. असं करता करता गुडघ्यांनीच संप पुकारला. दोन हाडांमधली गादी झिजून गेली आहे, हे काम आता सोडा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. मिस्त्रींनी निमूटपणे सोडलं. घरी येऊन मात्र म्हणाले, "एक फरशी राहिली आहे. तेवढी माझ्या हातची झाली पाहिजे. जगाची घरं चकचकीत केली आणि बायकोला कोब्यावर ठेवली, असं नको व्हायला."

"बायकोची काही तक्रार नाही," मी म्हटलं. शुद्ध थाप होती ती. तक्रार होतीच.

गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, शेक झाले. मग अस्थिमज्जेच्या इंजेक्शनचा विषय निघाला. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, यंत्रात फिरवायची आणि त्यातला कामाचा भाग गुडघ्यात सोडायचा. जास्त बिघडलेला उजवा गुडघा आधी. मिस्त्रींना हे चटकन पटलं. "म्हणजे इथला माल काढून तिथे भरायचा," ते म्हणाले. माल म्हणजे सिमेंट-वाळूचा, दुसरा कुठला त्यांना ठाऊकच नाही.

"काहींचं दुखणं कमी होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काहींना काडीचाही फरक पडत नाही. नवी गादी तयार होईल, असं तर मी मुळीच सांगणार नाही."

मिस्त्रींनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

इंजेक्शनच्या दिवशी मला त्यांच्या उशाशी बसू दिलं. कमरेची जागा बधिर करून त्यांना पालथं झोपवलं होतं, मान टेबलाच्या कडेबाहेर, नजर खाली जमिनीकडे. सुई हाडात गेली तेव्हा त्यांनी माझी बोटं अशी आवळली की दोन दिवस मला सुई-दोरा धरता आला नाही. मी कपडे शिवते, बोटांवर पोट आहे माझं.

"फार दुखतंय का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दुखतंय. पण भिंतीकडची तिसरी टाइल खालून पोकळ आहे तुमची. मघाशी स्टूल सरकवलंत ना, तेव्हा वाजली."

नर्सला हसू आवरेना. मला मात्र रडू आलं. माणसाच्या हाडात सुई आहे आणि हा दुसऱ्याची फरशी तपासतोय! या माणसावर रागवावं तरी कसं?

रागवायची वेळ इंजेक्शननंतर बाराव्या दिवशी आली. सहा आठवडे गुडघ्यावर बसायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी दोनदा बजावलं होतं. मी एका गिऱ्हाइकाचा कोट पोचवून परत आले, तर हे स्वयंपाकघरात डाव्या गुडघ्यावर बसलेले. उजवा पाय बाजूला सरळ पसरलेला. कोपऱ्यात एक टाइल बसलेली, तिच्यावर सपाटी बघायची पाणसळ ठेवलेली.

"इंजेक्शन उजव्यात आहे," मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. "डाव्याला कुणी मनाई केलेली नाही."

"बरं. उठा मग."

"तेच जमत नाहीये. पाऊण तास झाला."

मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलताच काखेत हात घालून त्यांना कसंबसं खुर्चीवर घेतलं. ते त्या टाइलकडे बघत हळूच म्हणाले, "मला वाटलं होतं, जमेल." एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

सहा आठवड्यांनी उजव्याचं दुखणं खरंच कमी झालं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न थांबता जाऊन यायला लागले. डॉक्टरबाई खूश झाल्या, पण म्हणाल्या, "चाला, फिरा, उभ्याने कामं करा. गुडघ्यांवर बसणं मात्र विसरा. ते काही या इंजेक्शनने परत येणार नाही."

घरी आल्यावर मिस्त्रींनी काठीने खोकी पलंगाखाली आणखी आत ढकलली. मला ते बघवेना. मी वाकून एक खोकं बाहेर ओढलं.

"मी बसवते. तुम्ही सांगा."

"तू?"

"चौकड्यांच्या कापडाची रेघ शिवणीवर जुळवते मी. टाइल तर जाग्यावरून हलतसुद्धा नाही."

त्यांच्या कोपऱ्यातल्या टाइलपासून मी सुरुवात केली. ते स्टुलावर बसून माल कालवायचे, मी उशीवर गुडघे टेकून टाइल ठेवायचे, मग ते काठीने ठोकून ऐकायचे. "पोकळ. उचल." एक टाइल मी चार वेळा उचलली. चौथ्या वेळी ती त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. दुसऱ्या दुपारी माझे गुडघे पेटले. डोळ्यांसमोर अंधारी आली आणि मी मनातल्या मनात त्यांच्या छत्तीस वर्षांची बेरीज करायला लागले. दिवसभर हे असं सोसून हा माणूस घरी यायचा आणि मी पलंगाखालच्या खोक्यांवरून त्याचं डोकं खायचे. मला रडू फुटलं. डोळ्यात सिमेंट गेलं असं वाटून त्यांनी घाईघाईने पाणी आणलं. मीही सिमेंटच गेलं म्हटलं.

शेवटच्या दिवशी मी फटी भरत होते. मिस्त्री काठी आपटत एकेक टाइल ऐकत फिरत होते. "भरीव. भरीव. भरीव." याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नाही. कोपऱ्यात पोचले आणि थबकले. पुन्हा ठोकलं. अख्ख्या स्वयंपाकघरात एकच टाइल पोकळ होती, आणि ती त्यांची होती.

"उचल ती," ते म्हणाले. चेहरा पडला होता.

"मुळीच उचलणार नाही. तेवढी तुमच्या हातची आहे."

त्यांनी भिंतीला काठी टेकवून ठेवली, उजवा पाय पुढे रोवला आणि मला उठवायला दोन्ही हात पुढे केले. मी जीव मुठीत धरून त्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिले. माझा सगळा भार घेऊनही तो हलला नाही.

कटकन आवाज झाला तो माझ्या गुडघ्याचा.

"हं," मी म्हटलं.