फक्त एकच शिल्लक

मंगळवारी दुपारी तेरेआपी ओसरीवर पाय पसरून बसली होती आणि मांडीवरच्या पिवळ्या कापडाला पांढरी फुलं टाचत होती. शेजारी तिची मुलगी तेपाएरू लॅपटॉप उघडून बसली होती. आईनं शिवलेली आणखी एक तिवाएवाए, फुलं टाचलेली मोठी चादर, साइटवर चढवायची होती. फोटो झाले होते, वर्णन राहिलं होतं.

"सांग आई, काय लिहू?"

"लिही, मोठी आहे. दोघांच्या पलंगाला पुरते. लाल फुलं आहेत. धुतली तरी रंग जात नाही."

"असं वाचून कुणी विकत घेतं का?"

"मग काय, खोटं लिहू? आणि हेही लिही, उजव्या कोपऱ्यात टाके वाकडे आहेत. तेव्हा रूता शेजारी बसून नवऱ्याच्या चहाड्या सांगत होती."

तेपाएरूनं वीस वर्षं बेटावरच्या आवारुआ गावातल्या वाचनालयात काढली होती आणि तिथलं होतं नव्हतं ते सगळं वाचलं होतं. शब्द तिच्याकडे आपणहून येत. एक गोष्ट तिला लवकर कळली होती. गिऱ्हाइकाला कापड नको असतं, त्या कापडासोबत येणारं एखादं बरं आयुष्य हवं असतं. तिनं लिहायला घेतल्यापासून आईच्या चादरी पेटाऱ्यात टिकत नव्हत्या.

"वाच बघू."

"समुद्राकडे तोंड केलेल्या ओसरीवर एका आईनं तीन महिने खपून..."

"सहा आठवड्यांत उरकली! आणि समुद्राकडे कुठं गं तोंड आपलं? डुकरांच्या खुराड्याकडे आहे." तेरेआपी पोट धरून हसली. मग दातांनी दोरा तोडत म्हणाली, "शनिवारी ऊन पडलं तर माझी जांभळी बाहेर काढ. तळाशी आहे. दोन वर्षांत ऊन दाखवलेलं नाही तिला. मला डांबरगोळ्यांच्या वासात गुंडाळून पुरू नका म्हणजे झालं."

त्या बेटावरच्या बायका हे असंच बोलतात, उद्या भात करायचा की तारोचे कंद उकडायचे हे ठरवावं तसं. आपली शेवटची चादर जिनं तिनं धडधाकट असतानाच शिवून ठेवायची. जांभळी शिवायला तेरेआपीला चार वर्षं लागली होती. ती विकायची नव्हती हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

तेपाएरूची बोटं थांबली.

"शनिवारी बघू," ती म्हणाली.

जांभळी पेटाऱ्यात नव्हती. तीन महिन्यांपूर्वी आई चर्चला गेलेली असताना तेपाएरूनं ती फोटोपुरती बाहेर काढली होती. साइटच्या पहिल्या पानावर एक देखणी चादर हवी होती, नुसती दाखवायला. फोटोखाली चार ओळी हव्यात म्हणून ती लिहायला बसली आणि लिहितच गेली. दोन दिवस ते वर्णन घासत राहिली. ‘ही घरात आली की घराचा कोपरान् कोपरा फुलतो’ ही ओळ तर तिची तिलाच इतकी आवडली की तिनं ती मोठ्यानं वाचून पाहिली. ‘विक्रीसाठी नाही’ असं खाली लिहायचं होतं. हात सवयीनं चालला आणि तिथं रोजचंच पडलं, ‘फक्त एकच शिल्लक.’

दुसऱ्या दिवशी मेलबर्नहून ऑर्डर आली. चूक झाली म्हणून कळवलं असतं तर संपलं असतं. पण त्या बाईनं सोबत लिहिलं होतं, ‘तुमचं वर्णन वाचून रडले.’

इतकं वाचलं होतं तेपाएरूनं आयुष्यात, पण तिचं लिहिलेलं वाचून कुणी रडलं नव्हतं. तिनं चादर बांधली आणि पाठवली. आईचा हात अजून चालतोय, बिनचष्म्याची सुई ओवते, दुसरी होईल, असं तिनं स्वतःला सांगितलं. आईला मात्र काहीच सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी तेरेआपी चहाचा पेला हातात घेऊन खुर्चीतच गेली.

दुपारपर्यंत बायका जमल्या. रूता मावशीनं पेटारा उघडला, एकेक चादर बाहेर काढली, तळाचा कागद वर केला आणि मागं वळून पाहिलं.

"हिची जांभळी कुठाय?"

"दिली असेल कुणाला तरी," दुसरी म्हणाली. "तेरेआपीच ती. दारी आलेल्याला रिकामं कधी पाठवलंय तिनं?"

"आपली मरणाची चादरसुद्धा दिली बाई. काय मन म्हणायचं!"

सगळ्याजणी रडू लागल्या. तेपाएरू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आतल्या खोलीत जाऊन तिनं चादर परत मागणारं पत्र मेलबर्नला ईमेलनं पाठवलं. नुसतं कामाचं, एकही सुंदर शब्द न घालता. दफन शुक्रवारी होतं. चादर वेळेत येणार नाही हे तिला कळत होतं, तरी लिहिलं.

उत्तर तासाभरात आलं. बाई खरोखर भली होती. आई गेल्याचं वाचून तिला फार वाईट वाटलं होतं. ‘पण तुम्हीच लिहिलं होतंत ना, घराचा कोपरान् कोपरा फुलतो म्हणून. मी तिचे अभ्रे शिवून घेतले. प्रत्येक खोलीत दोन उशा ठेवल्यात. किती शोभतात पाहा.’ सोबत फोटो होता. आईनं टाचलेलं एक फूल मधोमध कापून दोन उशांवर वाटून दिलेलं.

शुक्रवारी अंगणात, तेपाएरूच्या बापाच्या थडग्याशेजारी खड्डा तयार होता. रूता मावशी आपली हिरवी चादर घेऊन आली.

"मावशी, ही तर तुमची."

"मग काय उघडी पाठवू हिला? मला काय घाई आहे?" रूता मावशी म्हणाली. सत्त्याहत्तर वर्षांची होती ती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गेल्या दोन वर्षांत तिनं सुई धरली नव्हती.

चार जणींनी मिळून तेरेआपीला हिरव्यात गुंडाळलं. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी रूता मावशीनं तेपाएरूला पुढं केलं.

"बोल गं आईशी. तुला छान बोलता येतं. तिनं जांभळी कशी देऊन टाकली ते सांग सगळ्यांना."

तेपाएरू वाकली. हिरव्या कापडाला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

"आई," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "जांभळी तू कुणाला दिली नाहीस. मी विकली. तुला न विचारता. माझं लिहिलेलं एका बाईला आवडलं म्हणून. आता तिच्या उशा झाल्यात."