फिटिंगची नऊ वर्षं

कारखान्यात त्याला सगळे पुढारी म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. एखाद्या खात्यात कपातीची वेळ आलीच तर तिथे जो शेवटी आला तो आधी जाईल, हा नियम त्यानेच भांडून मालकांच्या गळी उतरवला होता. आधी साहेबांच्या मर्जीतले टिकायचे आणि तोंड उघडणारे जायचे. ते बंद झालं. चांगलंच झालं की!

घोळ झाला तो पुढे. पॅकिंग खात्यात युनियनचं ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून पुढाऱ्याने आपल्या मेव्हण्याला गाठलं. हा नऊ वर्षं फिटिंगमध्ये पंप जोडत होता. हात असा की त्याचा एकही पंप कधी परत आला नाही.

"तू पॅकिंगला बदली घे. आपलं माणूस पाहिजे तिथं."

"भाऊजी, तुम्ही म्हणताय ना? मग झालं!"

नव्या खात्यात नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतात, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. अरे, मेव्हण्याचं सोडा, पण ज्याने नियम लिहिला त्यानेही विसरावं?

दोन वर्षांनी पॅकिंगला यंत्र आलं आणि सहा माणसं जास्त झाली. शेवटी आलेल्यापासून मोजलेल्या यादीत मेव्हणा सहावा होता.

मॅनेजर काही राक्षस नव्हता. विषय त्यानेच काढला. "याची फिटिंगची नऊ वर्षं धरायची का? युनियनने लेखी दिलं तर माझी हरकत नाही. याच्याऐवजी सातवा जाईल."

सातवा म्हणजे पुढाऱ्यावर उठसूट तोंडसुख घेणारा गडी. लोक काय म्हणतील? मेव्हण्याला ठेवला आणि वैऱ्याचा काटा काढला! नऊ वर्षं खरी होती, मागणं रास्त होतं. दुसऱ्या कुणासाठी त्याने टेबलावर हात आपटून ती मागितली असती. पण आपलं नाव खराब होईल या भीतीने तो मागे सरला.

"नियम तो नियम," असं म्हणून त्याने यादीवर सही केली.

घरी बायकोने दारातच विचारलं, "बोललात ना माझ्या भावासाठी?"

"खूप भांडलो गं," तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं, आणि मग ते परत घेता येईना.

शेवटच्या दिवशी मेव्हणा आपलं कपाट रिकामं करत होता. पुढारी त्याला भेटायला आला तेव्हा आत कुणीतरी म्हणत होतं, "कसला डोंबलाचा पुढारी! घरच्या माणसाला वाचवता आलं नाही."

मेव्हणा गर्रकन वळला. "ए, तोंड सांभाळ! माझ्यासाठी ते साहेबांशी किती भांडले, जा, माझ्या ताईला विचार."

पुढारी दारातच थबकला. आता तरी खरं सांगून टाकावं, असं त्याला फार वाटलं. मेव्हण्याने पिशवी खांद्याला अडकवली आणि जवळ येऊन त्याचा हात धरला.

"मनाला लावून घेऊ नका, भाऊजी. तुम्ही काही कमी केलं नाहीत."

पुढाऱ्याने नुसती मान डोलावली.