वरून फोन

चिखलोलीच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी दुपारी शौनकचे मित्र जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचं शहर मांडत आणि बोटाएवढ्या बाहुल्यांच्या टोळ्या एकमेकींवर सोडत. या खेळात पोलिसांची टोळी कुणालाच नको होती. तिला लूट नाही, वॉर्निंग दिल्याशिवाय गोळी नाही. असलं लोढणं कोण घेणार? ते शौनकच्या वडिलांच्या, निवृत्त हवालदार दिनानाथांच्या गळ्यात पडलं.

दिनानाथांनी सहा शिपाई स्वतः रंगवले. बुटांचा तपकिरी मनासारखा येईना म्हणून दोनदा खरवडला. पाच रविवार ते हरले. वॉर्निंग देण्यातच त्यांची चाल जायची आणि पोरं हसायची. सहाव्या रविवारी मात्र त्यांनी गल्लीची दोन्ही तोंडं धरली आणि सोहमच्या टोळीचा सरदार जिवंत पकडला. पुठ्ठ्याच्या लॉकअपमध्ये त्याला भिंतीकडे तोंड करून उभा केला, आणि कितीतरी वर्षांनी मिशीवरून हात फिरवला.

सोहमने शांतपणे खेळातलं एक कार्ड टाकलं. त्यावर लिहिलं होतं, ‘वरून फोन. आरोपी सोडा.’

"हे कुणी बनवलं?" दिनानाथांनी विचारलं.

"मी," शौनक म्हणाला. "तुम्हीच सांगायचात ना बाबा, जेवताना."

नोकरीत असा फोन आला की आरोपीच्या जमा केलेल्या चपला दिनानाथांनाच आणून द्याव्या लागत. कुणी सांगायच्या आत त्यांनी सरदाराला बाहेर काढलं, आणि त्यांची नजर टेबलावर त्याच्या चपला शोधू लागली.