ड्रायरखालची कादंबरी

मी ड्रायर बोलतोय. खुर्चीच्या पाठीला जोडलेला, बायकांच्या डोक्यावर टोपासारखा उतरणारा, व्हर्नेटाच्या पार्लरमधला. दमलोय मी आता. पण आधी व्हर्नेटाचं सांगतो, कारण ती माझ्याहून जास्त दमली आहे.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहराच्या पूर्वेकडच्या आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीत मी आलो, तेव्हा नवा कोरा होतो. शनिवारी तर मला उसंत नसे. उद्या चर्चला जायचं म्हणून बायका केस धुऊन, रोलर लावून माझ्याखाली येऊन बसत. माझा आवाज एवढा, की खाली बसलेलीला बाहेरचं काही ऐकू जायचं नाही. म्हणून व्हर्नेटाने पहिल्यांदा हातातला कंगवा ठेवून आपलं लिहिलेलं वाचायला घेतलं, तेव्हा माझ्याखाली बसलेल्या मिस ओडेसाने चक्क मला बंद केलं. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानाने 'मिस'च म्हणतात. बायका ओल्या डोक्यांनी ऐकत बसल्या. आधी मला राग आला. मग मीही ऐकू लागलो.

कादंबरी एका टपालवाल्याची आणि त्याच्या मुलीची. बाप दिवसभर पत्रं वाटायचा, संध्याकाळी मुलीच्या बुटांना पॉलिश करायचा आणि गाताना सूर हमखास चुकवायचा. मिस ओडेसाचा नवरा जन्मभर टपालच वाटून गेलेला. ती डोळे पुसायची आणि वर म्हणायची, "तुझ्या ड्रायरची हवा डोळ्यांत जाते गं." मी तर बंद असायचो!

प्रकाशकांनी मात्र व्हर्नेटाला वर्षानुवर्षं झुलवलं. कुणी म्हणे, भाषा सुंदर आहे, पण आमच्या वाचकांना ही माणसं आपली वाटणार नाहीत. कुणी म्हणे, काळे लोक पुस्तकं विकत घेतात कुठे? पार्लरचा फोन माझ्या शेजारीच, त्यामुळे हे सगळं माझ्याही कानांवर पडायचं. शेवटी न्यूयॉर्कचे एक संपादक म्हणाले, "बाप फारच सज्जन आहे हो, खरा वाटत नाही. तुरुंगात दाखवलात तर विचार करू."

व्हर्नेटा बरेच दिवस बायकांचे केस नुसते ओढून ओढून विंचरत राहिली. मग तिने बापाला तुरुंगात टाकलं.

तो भाग तिने वाचायला घेतला, तसा मिस ओडेसाने हात वर करून मला चालू केलं. पूर्ण जोरात! व्हर्नेटाने येऊन खटकन बंद केलं.

"काय झालं, मिस ओडेसा?"

"माझ्या माणसाला बेड्या घातल्यास, आणि वर विचारतेस काय झालं?"

"तुमच्या नाही हो. गोष्टीतल्या."

"मला नको शिकवूस."

"मग मी काय मेल्यावर छापून घेऊ? एकदा तरी माझं नाव दुकानाच्या काचेत दिसू दे ना!"

मिस ओडेसा ओल्या केसांवर रुमाल बांधून निघून गेली. कुणाची बाजू घ्यावी, मला खरंच कळेना.

कादंबरी न्यूयॉर्कला गेली आणि काही महिन्यांनी त्याच संपादकांचा फोन आला. "आता छान जमलंय. पण तुरुंगातल्या बापावरचं एका काळ्या लेखकाचं पुस्तक आम्ही नुकतंच घेतलंय. एका वर्षात दोन म्हणजे जरा..." गोऱ्यांची वर्षाला किती घेता, असं व्हर्नेटाने विचारलं नाही. फोन माझ्या हातात असता तर मी विचारलं असतं.

ती माझ्याखालच्या खुर्चीत बसून राहिली. रडायचंही त्राण नव्हतं तिच्यात. मिस ओडेसा समोरच होती. रागावली तरी दुसरीकडे केस करून घेणाऱ्यातली ती नव्हे. सगळं ऐकून ती म्हणाली, "झालं ना त्यांच्या मनासारखं? आता सोडव त्याला. घरी आण."

"आणून छापणार कोण?"

"ते नंतर बघू. पोरगी त्याच्यासाठी जेवायची थांबलीय ना?"

बाप घरी येतो ते प्रकरण व्हर्नेटा अजून लिहिते आहे. हात दुखतात तिचे, दिवसाला चार ओळी होतात. माझ्या आतली तार जळत आली आहे. मला भंगारात घातलंत तरी तक्रार नाही. पण तो बाप चालत चालत तुमच्या दारात आला, तर तुरुंगातच का नाही राहिलास, असं विचारू नका. त्याला आत घ्या.